खेळासाठी कॉम्प्युटरच का? व्यापाऱ्यांसाठी एक धडा



आमचा धंदा कापडाचा. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) कापड बाजारात वालिदांनी सुरू केलेले दुकान आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ चालवीत आहोत. शिक्षण उर्दू माध्यमात झाले. शाळेत कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. अशा माणसाने मुलांच्या खेळाच्या यंत्रांवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या प्रश्नात एकदा आमच्या घरातल्या माणसाचे भांडवल अडकले होते. त्या वेळी जी चौकशी केली आणि पुढे जे घडताना पाहिले, त्यात कोणत्याही धंद्याला उपयोगी पडेल असा धडा आहे, म्हणून हा लेख.

२००९ सालची गोष्ट. आमच्या मोठ्या बहिणीचा मुलगा एका सायबर कॅफेत नोकरीला होता. त्याने मुकुंदनगरात एक गाळा भाड्याने पाहिला. बहिणीने आपल्या दोन बांगड्या मोडायचे ठरविले आणि उरलेली रक्कम आम्ही उसनी द्यायची होती. भाचा म्हणाला, "मामू, चार प्लेस्टेशन आणि चार टीव्ही घेतो. पोरं रांगा लावतील." आम्ही विचारले, "आणि कॉम्प्युटर घेतलेस तर?" तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर खेळतात, पण खरा खेळ प्लेस्टेशनचाच." आम्ही त्याला आठ दिवस थांबायला सांगितले. बांगड्या एकदा मोडल्या की पुन्हा घडवायला वर्षे जातात. त्या आठ दिवसांत खेळणाऱ्या मुलांना, त्यांच्या वडिलांना आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना जे विचारले, त्याचा सार पुढे देत आहोत. त्यानंतर समजलेल्या गोष्टीही जोडल्या आहेत.

दोन यंत्रांची ओळख

ज्याला कंपन्या 'कन्सोल' म्हणतात तो एक डबा असतो. तो टीव्हीला जोडायचा आणि हातातल्या बटणांनी खेळायचे. त्याचे मुख्य काम खेळ हेच. आपल्याकडे १९९० च्या दशकात तो 'व्हिडिओ गेम' या नावाने आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या बहुधा स्वस्त नकला होत्या. खेळाच्या चिपच्या डब्बीला मुले 'कॅसेट' म्हणत. आमच्या धाकट्या भावाने अशी एक कॅसेट आणली होती. वर छापले होते '९९९९ इन १'. घरी लावून पाहिले तर थोडे खेळ झाले की तेच खेळ नवे नाव लावून पुन्हा सुरू होत. ठाणावर वीस मीटर लिहायचे आणि आत पंधरा भरायचे, त्यातलाच हा प्रकार. असली मालही होता. १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीने जपानच्या सेगाचे यंत्र भारतात आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. त्या काळी ही रक्कम कोणत्या घराला परवडणार?

कॉम्प्युटर मात्र आपल्याकडे खेळासाठी आलाच नाही. तो हिशेबासाठी आला, टॅलीसाठी आला, टायपिंग आणि छपाईसाठी आला. खेळ त्याच्या पोटात होताच. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीत पत्त्यांचा 'सॉलिटेअर' फुकट घालून दिला होता. कितीतरी कारकुनांनी माऊस धरायला त्यावरच शिकून घेतले.

हा फरक आम्हाला आमच्याच दुकानात दिसला. दुकानामागे तीन शिलाई मशीन आहेत आणि एक काज-बटणाचे मशीन. शिलाई मशीनवर पेटीकोट होतो, ब्लाउज होतो, पडदा होतो, शाळेचा गणवेश होतो, फाटलेले सांधता येते. काज-बटणाचे मशीन एकच काम करते. ते काम ते फार सफाईने करते यात वाद नाही. पण ईदच्या आधीचा महिना आणि जूनमधला गणवेशाचा हंगाम सोडला, तर त्यावर आम्ही कपडा झाकून ठेवतो. कन्सोल म्हणजे काज-बटणाचे मशीन आणि कॉम्प्युटर म्हणजे शिलाई मशीन. आठ दिवसांच्या चौकशीत आम्ही जे ऐकले ते बहुतेक या एका वाक्यात बसते.

पैसे देणारा कोण?

खेळतो मुलगा, पण पैसे देतो बाप. नुसत्या खेळासाठी वीस-तीस हजार मागितले तर आपल्या घरात काय उत्तर मिळते ते सर्वांना ठाऊक आहे. तोच मुलगा म्हणाला, "अब्बा, क्लासचा सराव करायला कॉम्प्युटर पाहिजे," तर बाप हप्त्याने का होईना आणून देतो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागू लागले. संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव, जिकडे पाहावे तिकडे क्लास निघाले. अशा रीतीने कॉम्प्युटर शिक्षणाच्या दाराने घरात आला आणि खेळ त्याच्यामागून आला. यात मुलांनी बापाला फसविले असे आम्ही म्हणणार नाही. दिवसा सराव आणि रात्री 'रोड रॅश' अशी दोन्ही कामे होत होती.

दुसरे कारण आम्हाला एका आईने सांगितले. घरात टीव्ही एकच. कन्सोल लावला की टीव्ही त्याच्या ताब्यात जातो. मग आजीची मालिका बंद, वडिलांच्या बातम्या बंद. रोज भांडण. कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा असतो, तो कोपऱ्यात बसतो आणि कोणाच्या आड येत नाही. इतकी साधी गोष्ट मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत कधी नसते, पण खरेदी मात्र तीच ठरवून जाते.

यंत्र स्वस्त, खेळ महाग

कन्सोल विकणाऱ्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कंपनी पुष्कळदा यंत्र अगदी कमी नफ्यात, कधी तोट्यातसुद्धा विकते. सोनीने २००६ साली जगात आणलेले प्लेस्टेशन ३ सुरुवातीला तोट्यात विकले गेले, हे जाहीर आहे. मग कमाई कुठून? प्रत्येक खेळाच्या विक्रीतून. त्या यंत्रावर चालणारा खेळ कोणीही काढला, तरी यंत्रवाल्या कंपनीला त्यात वाटा द्यावा लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर कोणी शिंप्याला मशीन स्वस्तात द्यावे आणि अट घालावी की दोरा आणि कापड माझ्याच दुकानातून घ्यायचे. मशीन स्वस्त पडले म्हणून शिंपी खूश होतो, आणि पाच वर्षांनी हिशेब मांडतो तेव्हा गप्प बसतो.

प्लेस्टेशन ३ आपल्याकडे २००७ साली ३९,९९० रुपयांना आले. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आले ते ४९,९९० रुपयांना, आणि त्याचे मोठे खेळ ४,९९९ रुपयांना एक. दहा खेळांत दुसऱ्या यंत्राची किंमत होते.

कॉम्प्युटरवर एका कंपनीची अशी मक्तेदारी नाही. खेळ विकणारे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत मोठे 'स्टीम' हे दुकान २००३ साली सुरू झाले आणि २०१५ च्या नोव्हेंबरपासून ते रुपयांत भाव लावू लागले. तिथे वर्षातून अनेक वेळा सेल लागतो आणि जुने खेळ फार कमी भावात मिळतात. काही खेळ तर फुकटच. 'काउंटर-स्ट्राइक' २०१८ च्या डिसेंबरात फुकट झाला, 'व्हॅलोरंट' २०२० साली फुकटच निघाला. त्यांची कमाई खेळातल्या सजावटीवर चालते. कापड फुकट द्यायचे आणि बुट्ट्यांचे पैसे घ्यायचे, असा तो धंदा आहे. ज्याला बुट्टे नकोत त्याचा खर्च शून्य. मात्र मुलांच्या हाती पैसे भरण्याचे ॲप असेल तर बापाने डोळा ठेवावा, कारण बुट्ट्यांचा नाद कापडापेक्षा महाग पडतो.

आयात शुल्काचा हात

व्यापाऱ्याने भावामागचा कर नेहमी पाहावा. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेत माहिती तंत्रज्ञानाच्या मालावरील आयात शुल्क काढून टाकण्याचा करार झाला. भारत १९९७ साली त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर व त्याच्या बहुतेक भागांवरील मूळ आयात शुल्क शून्यावर आले. खेळाचे कन्सोल त्या यादीत नव्हते. २०१५ साली कराराची यादी वाढविण्यात आली, तिच्यात कन्सोल आले, पण त्या वाढीव करारात भारत सामील झाला नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही कॉम्प्युटरवर १८ टक्के आणि कन्सोलवर २८ टक्के असा फरक होता. १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलही १८ टक्क्यांत आला. एकूण काय, सरकारच्या तक्त्यात एक माल 'कामाचा' आणि दुसरा 'चैनीचा' असा वर्षानुवर्षे राहिला, आणि गिऱ्हाइकाची सवय त्या भावावर घडत गेली.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. दक्षिण कोरियात जपानी करमणुकीच्या मालावर १९९८ पर्यंत कडक बंधने होती आणि उत्तम कन्सोल तर जपानचे. त्यात १९९७ साली तिथे मोठे आर्थिक संकट आले. नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी उरलेल्या पैशांत कॉम्प्युटर मांडून तासावर भाड्याने देणारी दुकाने काढली. त्यांना 'पीसी बांग' म्हणतात. कोरियन भाषेत बांग म्हणजे खोली. १९९८ साली आलेल्या 'स्टारक्राफ्ट' या खेळाने ही दुकाने भरून गेली. चीनमध्ये सरकारने २००० साली कन्सोलच्या विक्रीवर बंदी घातली आणि ती २०१४ साली उठविली. त्या चौदा वर्षांत तिथली एक पिढी कॉम्प्युटरवर खेळतच मोठी झाली. बंदी उठल्यावर कन्सोल आले, पण सवय बदलली नाही.

दुरुस्ती आणि सुटे भाग

इथे आमची स्वतःची चूक सांगतो. २००८ साली आम्ही मुलासाठी मुंबईहून एक कन्सोल आणला. दुकानदाराने भाव उतरविला, म्हणून बिल मागितले नाही. त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात भारनियमन फार होते. वीज जायची आणि यायची ती झटक्याने. तीन महिन्यांत यंत्र बंद पडले. नगरमध्ये ते उघडायला कोणी तयार होईना. मुंबईला दोन खेपा झाल्या, दुकानदाराने बिल मागितले आणि आम्ही परत आलो. एरवी गिऱ्हाइकाला "बिल सांभाळून ठेवा" म्हणणारे आम्ही, स्वतः तसेच फसलो.

कॉम्प्युटरचे तसे नाही. त्याचा प्रत्येक भाग वेगळा असतो. वीजपुरवठ्याचा डबा जळाला तर तेवढाच बदलायचा. रॅम कमी पडली तर एक पट्टी वाढवायची. नवा खेळ चालत नसेल तर ग्राफिक्स कार्ड तेवढे घ्यायचे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ इथून सुटा माल येतो, आणि पुणे तर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. जुना भागही विकला जातो. शिवाय यूपीएस लावला तर वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे मिळतात आणि हिशेब वाचतो. जे यंत्र गावातला कारागीर उघडू शकतो, तेच यंत्र गावात टिकते. करघा असो, सायकल असो की कॉम्प्युटर.

आणखी एक गोष्ट कारागिरांनी ध्यानात घ्यावी. कन्सोलवर मुख्यतः खेळताच येते, कॉम्प्युटरवर खेळ बदलता येतो आणि बनविताही येतो. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध खेळ कोणत्या मोठ्या कंपनीने मुळात काढलेला नाही. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ साली 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या खेळात फेरफार करून तो तयार केला आणि नंतर कंपनीने तो विकत घेतला. चांगला कारागीर आपले हत्यार आपल्या हाताला बसेल असे घासून घेतो, तसेच हे आहे.

एक कारण लाजेचे

सर्व कारणे सांगायची तर हेही सांगितले पाहिजे. त्या काळात कॉम्प्युटरवर खेळ स्वस्त पडे, कारण निम्म्याहून अधिक ठिकाणी चोरीच्या सीडी चालत. चाळीस-पन्नास रुपयांत फुटपाथवर खेळ मिळे. भाच्यानेही सुरुवातीला तेच केले आणि आम्हाला ते ठाऊक असून आम्ही गप्प राहिलो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्यास कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. आमच्या साडीचे डिझाइन दुसऱ्याने उचलले तर आम्ही तावातावाने बोलतो, आणि दुसऱ्याची मेहनत पन्नास रुपयांत घेताना काही वाटत नाही. अशा कमाईत बरकत कशी मागावी? वर्षभराने भाच्याने चोरीच्या सीडी काढून टाकल्या. काही पोरे दुसऱ्या दुकानी गेली. तो तोटा त्याने सोसला.

पुढे काय झाले?

शेवटी त्याने चार कॉम्प्युटर घेतले. तासाला १५ रुपये दर ठेवला. संध्याकाळी खेळ आणि दिवसा टायपिंग, प्रिंट, निकाल, परीक्षेचे अर्ज. त्याच रस्त्यावर दुसऱ्या एकाने कन्सोलचे पार्लर काढले. पहिली दोन वर्षे गर्दी त्याच्याकडे अधिक होती आणि भाचा आम्हाला ऐकवायचा, "मामू, बघा, मी म्हणत होतो." आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि मुले मोबाईलवर गेली. २०१८ साली 'पब्जी मोबाईल' आला, तेव्हा तर तासाचे पैसे देऊन खेळायला येणारा विरळा झाला. कन्सोलच्या पार्लरवाल्याने यंत्रे मिळेल त्या भावाने काढली. भाच्याचाही खेळाचा गल्ला बुडाला, एक वर्ष तर भाडे निघेना. परंतु त्याच्या यंत्रांना दुसरे काम येत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला आणि लहान दुकानदारांना रिटर्न भरण्यासाठी कोणीतरी हवे होते. शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन झाले होते. खेळाचे मोठे खेळ चालावेत म्हणून घेतलेल्या ग्राफिक्स कार्डावर त्याने कोरल ड्रॉ चालविले आणि लग्नपत्रिका व फ्लेक्सचे डिझाइन करू लागला. आज तिथे कोणी खेळत नाही. दुकान चालू आहे. दोन कॉम्प्युटर मध्ये बदलावे लागले, आमचे पैसे त्याने हप्त्याने फेडले, आणि २०१९ साली बहिणीच्या हातात नव्या बांगड्या आल्या. पहिल्यांपेक्षा वजनाने थोड्या हलक्या आहेत, पण आहेत.

कन्सोल कोणी घ्यावा?

न्यायाने बोलायचे तर कन्सोल वाईट वस्तू नाही. ज्याला फक्त खेळायचे आहे, डोकेदुखी नको आहे, भावंडांबरोबर बसून फुटबॉल किंवा मोटारींची शर्यत खेळायची आहे, त्याला तो सोयीचा. लावला की चालू. २०२०-२१ मध्ये जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे भाव इतके चढले की तेवढ्याच ताकदीचा कॉम्प्युटर कन्सोलपेक्षा कितीतरी महाग पडत होता. डिस्कवर घेतलेला कन्सोलचा खेळ पुढे विकता येतो, स्टीमवर घेतलेला विकता येत नाही. तेव्हा घरी कोणी मागितला तर ऐपत पाहून निर्णय घ्यावा. धंद्याचे भांडवल घालताना मात्र हिशेब वेगळा.

धडा

१) यंत्र घेताना एक प्रश्न विचारा: आजचे काम उद्या बंद पडले तर हे यंत्र दुसरे कोणते काम करील?

२) किंमत म्हणजे पहिल्या दिवशी दिलेले पैसे नव्हेत. त्यावर पुढे काय काय विकत घ्यावे लागेल, आणि कोणाकडून, हे आधी मांडा.

३) दुरुस्ती गावात होते का, सुटा भाग किती लांबून येतो, जुना माल विकला जातो का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. आणि पक्के बिल घ्या.

४) वापरणारा आणि पैसे देणारा हे पुष्कळदा दोन असतात. माल विकताना दोघांचेही समाधान झाले पाहिजे.

५) गर्दी हा पुरावा नव्हे. दोन वर्षांची गर्दी पाहून दहा वर्षांचे भांडवल घालू नये.

आमच्या दुकानातले काज-बटणाचे मशीन अजून आहे. ते आम्ही विकणार नाही, कारण हंगामात ते आपली किंमत वसूल करते. पण दुसरे मशीन घ्यायची वेळ आली तर शिलाईचेच घेऊ. वाचक बंधूंनी आपापल्या धंद्यातील यंत्रांकडे एकदा या नजरेने पाहावे, एवढीच विनंती.